रफ लिंटर: इफ-एल्स वाचण्यासारखा व्हायला याचा खरंच उपयोग होतो का?

पायथनवर काम करणाऱ्या कुठल्याही टीमचा कोड रिव्ह्यू उघडून बघा, सगळ्यात जास्त वाद इफ-एल्सवर असतो. रिटर्न झाल्यावर पुढे एल्स लिहायचा की नाही, एका ओळीत बसतंय तर चार ओळी कशाला, आतल्या आत इफ नको अँड लावून एकच कर, आणि यात लिहिणाऱ्याचंही बरोबर असतं आणि तपासणाऱ्याचंही, त्यामुळे पीआर, म्हणजे तपासायला पाठवलेला बदल, तसाच पडून राहतो. आमच्या टीममधे हे थांबावं म्हणून रफ नावाचं कोड तपासणारं टूल लावलं, आता बरेच महिने रोजच्या वापरात आहे. रफबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक त्याच्या स्पीडबद्दल असतं, म्हणून मी इथे फक्त एकाच गोष्टीचा रिव्ह्यू करतोय, की इफ-एल्स कुठल्या पद्धतीने लिहावा हे ठरवायला या टूलची मदत किती होते. फॉरमॅटर, इम्पोर्ट लावून देणं वगैरे भाग चांगलाच आहे पण त्यात आत्ता शिरत नाही.

आधीच सांगून टाकतो, घ्या. फुकट आहे, एमआयटी लायसन्स आहे, पिपने एका कमांडमधे इन्स्टॉल होतं. मी पाचपैकी चार देईन. पण सगळे नियम एकदम चालू करू नका, कारण यातले काही नियम कोड वाचनीय करतात आणि काही फक्त छोटा करतात, आणि या दोन गोष्टी एक नाहीत, पुढचा सगळा रिव्ह्यू त्यावरच आहे.

ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रफ हे पायथनचं लिंटर आहे, म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून चुका आणि शैलीतल्या खटकणाऱ्या जागा दाखवतं. २०२२ मधे आलं, चार्ली मार्श यांनी सुरू केलं, ऍस्ट्रल ही कंपनीही त्यांनीच काढली, लिहिलंय रस्टमधे, म्हणून जुन्या लिंटरांच्या मानाने प्रचंड वेगात चालतं. ८०० च्या वर नियम आहेत. त्यातले बरेचसे नवे नाहीत, फ्लेक८ ची प्लगइन्स आणि पायलिंट या जुन्या लिंटरांतून घेतलेत. इफ-एल्सच्या बाबतीत बोलायचं तर सिम्प्लिफाय प्लगइनवरून आलेले एसआयएमचे नियम, रिटर्न प्लगइनवरून आलेले आरईटीचे, आणि पायलिंटवरून आलेले पीएलआरचे, एवढे तीन गट कामाचे.

आता पहिली गोष्ट जी नवीन लोकांना कळत नाही. इन्स्टॉल करून चेक चालवलं आणि काहीच दाखवलं नाही म्हणजे तुमचे इफ-एल्स छान आहेत असा अर्थ होत नाही. जसं येतं तसं वापरलं तर रफ फार थोडे नियम लावतं, एफचे सगळे आणि ई४, ई७, ई९ एवढेच (ही नियमांच्या गटांची नावं). त्यात अटींबद्दलचं म्हणाल तर मुख्यतः ई७११ आणि ई७१२, म्हणजे नन (किंमतच नाही हे सांगणारा None) किंवा ट्रूशी डबल इक्वल लावून तुलना केली तर ओरडणारे. वर सांगितलेले तिन्ही गट पायप्रोजेक्टच्या टॉमल फाइलमधे, म्हणजे प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलमधे, सिलेक्टच्या यादीत स्वतः लिहायला लागतात. हे धोरण मला आवडतं, पहिल्याच दिवशी हजार तक्रारी अंगावर आल्या की लोक टूल काढून टाकतात. आणि एक कमांड लक्षात ठेवा, रफ रूल असं लिहून पुढे नियमाचा नंबर द्या, टर्मिनलवरच तो नियम कशासाठी आहे, वाईट कोड कसा आणि चांगला कसा हे उदाहरणासकट येतं. नियम चालू करायच्या आधी टीममधल्या सगळ्यांनी ते वाचावं, पाच मिनिटांचं काम आहे आणि नंतरचे वाद निम्मे होतात.

उदाहरणाशिवाय हे कळणार नाही. एसटीच्या तिकिटाची सवलत घेऊ, सगळ्यांना माहीत असलेला विषय आहे. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं, आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं. पाचच्या आतल्यांचं इथे सोडून देऊ. कोड देवनागरीत टाइप करतोय:

डेफ सवलत(वय, महिला):
    इफ वय >= ७५:
        रिटर्न १००
    एलिफ वय >= ६५:
        रिटर्न ५०
    एलिफ महिला:
        रिटर्न ५०
    एलिफ ५ <= वय <= १२:
        रिटर्न ५०
    एल्स:
        रिटर्न ०

सरळ आहे, बसच्या कंडक्टरलासुद्धा वाचून दाखवलं तर कळेल. आता एसआयएम आणि आरईटी दोन्ही चालू करून रफ लावलं तर यावर दोन प्रकारच्या तक्रारी येतात आणि दोन्हीवर थांबून विचार करण्यासारखं आहे.

पहिली आरईटी५०५. म्हणणं असं की वरच्या शाखेत रिटर्न झालाय, म्हणजे खाली आलोय याचाच अर्थ वरची अट खोटी होती, मग एलिफ कशाला, नुसता इफ लिहा, आणि शेवटचा एल्स काढून रिटर्न ० डावीकडे आणा. पायलिंटमधे हाच नियम नो-एल्स-रिटर्न नावाने आहे आणि तिथे तो मुळातच चालू असतो, जावास्क्रिप्टवाल्यांना ईएसलिंटमधूनही तो ओळखीचा असेल.

माझं यावरचं मत पक्कं झालंय. इफ दोन कामांसाठी लिहिला जातो. एक अडवणारा इफ आणि एक निवडणारा इफ. अडवणारा म्हणजे फंक्शनच्या तोंडाशी उभा राहून नको त्यांना परत पाठवणारा, तिकीट रद्द झालंय का, वय भरलंच नाहीये का, प्रवासाची तारीख उलटून गेलीये का, असेल तर इथूनच परत जा. याला गार्ड क्लॉज म्हणतात आणि इथे आरईटी५०५ शंभर टक्के बरोबर आहे. कारण या अटींनंतर जो एल्स येतो त्याच्या पोटात फंक्शनचं सगळं खरं काम जाऊन बसतं, मग अजून एक तपासणी आली की अजून एक पायरी आत, असं करत करत मुख्य काम स्क्रीनच्या उजव्या कडेला जाऊन पोचतं, आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत डोक्यात धरून ठेवायला लागतं की आपण कुठकुठल्या अटींच्या आत आहोत. लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलमधे तीन पातळ्यांपेक्षा जास्त आत जाऊ नका असं स्पष्ट सांगितलंय आणि एक टॅब आठ अक्षरांचा ठेवण्याचा एक फायदाही हाच सांगितलाय, की फार आत गेलात की ते लगेच डोळ्यांना दिसावं. अडवणाऱ्या अटी वर, एकेक करून, प्रत्येकीचा आपापला रिटर्न, आणि मग खाली मोकळ्या अंगणात खरं काम. रफने आमच्या कोडमधल्या अशा जागा शोधून दाखवल्या आणि ते बदल केल्यावर त्या फाइल वाचायला खरोखर हलक्या झाल्या.

पण वरची सवलतीची शिडी ही निवडणारी आहे. तिथे कोणी कोणाला अडवत नाहीये, पाच पर्याय एका पातळीवरचे आहेत आणि त्यातला एकच लागू होणार आहे, हे एलिफ हा शब्दच सांगतो. तो काढून चार सुटे इफ केले तर संगणकाला फरक पडत नाही, पण वाचणाऱ्याला प्रत्येक शाखेच्या आत डोकावून रिटर्न आहे ना हे बघायला लागतं तेव्हा कळतं की यातली एकच चालणार. म्हणजे जी गोष्ट डाव्या कडेवर लिहिलेली होती ती आत लपली. आरईटी५०५ ला हा फरक कळत नाही, त्याला फक्त रिटर्ननंतरचा एल्स दिसतो.

आणि याचा एक धोका आहे जो मला रिव्ह्यू करताना ज्युनिअर मुलांच्या कोडमधे दिसतो. लिंटर सारखं एलिफ काढा म्हणतंय हे बघून त्यांच्या डोक्यात एलिफ म्हणजेच वाईट असं बसतं, मग ते रिटर्न नसतानाही सुटे इफ लिहायला लागतात, सवलत नावाचं व्हेरिएबल शून्यापासून सुरू करून प्रत्येक इफमधे त्यात ५० मिळवत जायचं. आता ६८ वर्षांच्या आजी आल्या तर ज्येष्ठ म्हणून ५० आणि महिला म्हणून ५०, झाले १००, मोफत प्रवास. एलिफ असता तर हे होऊच शकत नाही. सुटे इफ म्हणजे प्रत्येक प्रश्न स्वतंत्र, एलिफ म्हणजे एकच प्रश्न आणि त्याची अनेक उत्तरं, हे नव्या मुलांना नियम चालू करायच्या आधी समजावून सांगा.

मग उपाय काय? निवडणाऱ्या शिडीत आम्ही रिटर्नच करत नाही. प्रत्येक शाखेत टक्केवारी व्हेरिएबलमधे टाकायची आणि शेवटी एकदाच रिटर्न. रिटर्न नाही म्हटल्यावर आरईटी५०५ ला बोलायला जागा राहत नाही, एलिफ टिकतात, आणि रिटर्नच्या आधी ब्रेकपॉइंट लावायला, म्हणजे कोड थांबवून किंमत बघायला, एकच जागा मिळते. अडवणाऱ्या अटी मात्र रिटर्नवाल्याच. एका फंक्शनमधे या दोन पद्धती शेजारी शेजारी बघितल्या की वाचणाऱ्याला न सांगता कळतं कुठली अट कशासाठी आहे. याच गटात आरईटी५०४ आहे, तो म्हणतो व्हेरिएबलमधे टाकून लगेच पुढच्या ओळीत रिटर्न करताय तर थेट रिटर्न करा. शिडीच्या बाबतीत तो मधे येत नाही कारण असाइनमेंट शाखांच्या आत आहे. पण लांबलचक अटीला नीट नाव देऊन मग ती परत करायची असेल तर येतो, आणि नाव दिल्याने वाचायला सोपं होत असेल तर ती एक ओळ जास्त असणं मला पूर्ण मान्य आहे, म्हणून तो आम्ही बंद ठेवलाय.

दुसरी तक्रार एसआयएम११४. लागून असलेल्या शाखांचा आतला मजकूर सारखा असेल तर त्या ऑर लावून एकत्र करा म्हणतो. आपल्या उदाहरणात तीन शाखा ५० देतात, म्हणून ६५ पासून पुढे किंवा महिला किंवा ५ ते १२ अशी एक लांब अट करा. इथे मी ठामपणे नाही म्हणेन. तीन ठिकाणी ५० आलाय हा आजचा योगायोग आहे. ज्येष्ठांची सवलत वेगळी, महिलांची वेगळ्या वर्षी आलेली, मुलांच्या अर्ध्या तिकिटाची तर कितीतरी जुनी, उद्या यातल्या एकीचा दर बदलला तर जोडलेली अट पुन्हा फोडायला लागणार आणि फोडताना कंस चुकणार. उत्तर सारखं आहे म्हणून कारण सारखं होत नाही. जिथे कारण एकच आहे तिथे मात्र हा नियम बरोबर आहे, म्हणजे रद्द झालेलं तिकीट आणि रिफंड झालेलं तिकीट दोन्हीला शून्य देताय तर जोडा की. चांगली गोष्ट ही की दोन शाखांच्या आत वेगवेगळ्या कॉमेंट असतील तर रफ त्यांना सारखं धरत नाही आणि गप्प बसतं. आम्ही प्रत्येक शाखेत ती सवलत कुठल्या योजनेखाली आहे हे एका ओळीत लिहितो, त्यामुळे नियमही चालू राहतो आणि वाचणाऱ्यालाही माहिती मिळते.

आता ज्या नियमामुळे मी एक तारा कापला तो, एसआयएम१०८. इफ-एल्सच्या चार ओळींत एकाच व्हेरिएबलला दोनपैकी एक किंमत देताय तर एका ओळीतलं टर्नरी करा. पायथनमधे हे टर्नरी २.५ आवृत्तीत, २००६ मधे आलं, पेप ३०८ नुसार (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव), आणि त्यात क्रम असा आहे की किंमत आधी, अट मधे, दुसरी किंमत शेवटी. छोट्या गोष्टीला छान वाटतं, म्हणजे भाडं अर्धं जर महिला नाहीतर पूर्ण, मराठीत बोलतो तसंच. पण रफ टर्नरी सुचवायचं की नाही हे कशावरून ठरवतं तर ओळ लांबीच्या मर्यादेत बसते का यावरून, आणि मुळात ती मर्यादा ८८ अक्षरं आहे. ८८ अक्षरांत फंक्शनला कॉल, त्यात दोन आर्ग्युमेंट, मग अट, मग दुसरा कॉल असं बरंच काही मावतं. मावतंय म्हणजे वाचता येतंय असं होत नाही.

शिवाय दोन व्यवहारातल्या अडचणी. एक, कव्हरेज, म्हणजे टेस्ट चालवताना कोडचा किती भाग चालला ते. पायथनचं कव्हरेज टूल ब्रांच मोडमधे कुठल्या ओळीवरून कुठल्या ओळीवर उडी गेली ते मोजतं. चार ओळींच्या इफ-एल्समधे एल्स कधीच चालला नाही तर रिपोर्टमधे लाल दिसतो. तेच एका ओळीत केलं की ओळ चालली, हिरवी झाली, आणि अर्धी बाजू टेस्टच झाली नाही हे कुणालाच दिसत नाही. पैशाच्या हिशोबाच्या कोडमधे हे मला अजिबात नको. दोन, उद्या तिसरा पर्याय आला की टर्नरीत टर्नरी घालायचा मोह होतो आणि ते वाचणं म्हणजे शिक्षा आहे. गो भाषेत टर्नरी मुद्दामच ठेवलेलं नाही, त्यांच्या प्रश्नोत्तरांत कारण दिलंय की त्याचा वापर करून लोक न समजणारी गुंतागुंतीची वाक्यं लिहितात हे भाषा बनवणाऱ्यांनी फार बघितलं होतं. मी तितका कडक नाही, टर्नरी ज्याला लिहायचंय त्याने लिहावं, पण टूलने मागे लागून ते करायला लावू नये. एसआयएम१०८ इग्नोरमधे टाका आणि निवांत राहा.

बाकीचे छोटे नियम भराभर. एसआयएम१०३, अट खरी असेल तर ट्रू परत करा नाहीतर फॉल्स, याऐवजी अटच परत करा, डोळे मिटून चालू करा. एसआयएम३००, म्हणजे अटीत स्थिर किंमत डावीकडे आणि व्हेरिएबल उजवीकडे अशी उलटी तुलना, सी भाषेत चुकून एकच इक्वल टाइप झालं तर कंपायलरने पकडावं म्हणून ही सवय होती, पायथनमधे इफमधे एकेरी इक्वल लिहिलं तर थेट सिंटॅक्स एररच येते त्यामुळे गरज नाही, हाही चालू करा. पीएलआर१७१४, एकच व्हेरिएबल तीन किमतींशी ऑर लावून ताडताय तर इन वापरा, उत्तम, आणि ज्या लोकांनी प्रकार इक्वल साधी ऑर शिवशाही असं लिहून अट कायम खरी होताना बघितलीये त्यांना इनची किंमत माहीत आहे. एसआयएम१०२, आतल्या आत दोन इफ असतील तर अँडने जोडा, बहुतेक वेळा ठीक, पण जोडून अट दोन ओळींवर जात असेल तर दोन इफच बरे किंवा अटीला नाव द्या.

ई७१२ बद्दल थोडं जास्त सांगतो कारण पांडाज, म्हणजे डेटाची टेबलं हाताळणारी लायब्ररी, वापरणाऱ्यांना ते लागणार आहे. डेटाफ्रेमच्या कॉलमला डबल इक्वल ट्रू लावून ओळी गाळणं ही पद्धत सर्रास आहे. रफ काही तक्रारी स्वतःच दुरुस्तही करतं, त्यात ई७१२ चा बदल ट्रूशी असलेली तुलना काढून टाकायला जातो, पण पांडाजमधे डबल इक्वलचा अर्थच वेगळा आहे, तो प्रत्येक ओळीवर चालतो, त्यामुळे नुसता बदल केला की वागणूक बदलू शकते. म्हणूनच रफने हा बदल अनसेफ गटात ठेवलाय. ऑक्टोबर २०२३ च्या ०.१.० आवृत्तीपासून सेफ आणि अनसेफ अशी विभागणी आहे, फिक्स म्हटलं की फक्त सेफ होतात, अनसेफसाठी वेगळा फ्लॅग द्यायला लागतो. हे मला या टूलमधलं सगळ्यात जबाबदारीचं काम वाटतं. अनसेफ बदल लावायच्या आधी डिफ फ्लॅग लावून काय बदलणार ते नजरेखालून घाला, अटींच्या बाबतीत तरी नक्कीच.

गुंतागुंत मोजणारे नियम. सी९०१ हे मॅकेब यांनी १९७६ मधे मांडलेलं माप आहे, फंक्शनमधून जायला किती वेगवेगळ्या वाटा आहेत ते मोजायचं, रफमधे मुळात मर्यादा १० आहे. कल्पना चांगली आहे पण हे माप वाटा मोजतं, खोली मोजत नाही. दहा एलिफची सपाट शिडी, जी माणूस एका दमात वाचतो, आणि तितक्याच इफ एकात एक घुसवलेलं फंक्शन, दोघांना साधारण सारखेच मार्क मिळतात. त्यामुळे सी९०१ ओरडलं की आधी बघा फंक्शन खोल आहे का नुसतं लांब आहे. खोलीसाठी पीएलआर१७०२ आहे, पाच पातळ्यांच्या वर गेलं की बोलतो, पण मी वापरतोय त्या आवृत्तीत तो प्रिव्ह्यू मोड, म्हणजे अजून पक्के न झालेले नियम वापरायची सोय, चालू केल्याशिवाय चालत नाही. माझ्या मते मुळातच चालू असण्यासारखा कुठला नियम असेल तर हा, आणि पाचऐवजी तीनवर.

आणि इथेच एका टूलचे दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. आरईटी५०५ ऐकून तुम्ही अडवणाऱ्या अटी नीट वर मांडल्या, प्रत्येकीचा रिटर्न, की पीएलआर०९११ येतो, एका फंक्शनमधे सहापेक्षा जास्त रिटर्न आहेत. हा विचार स्ट्रक्चर्ड प्रोग्रामिंगच्या काळापासून चालत आलाय, फंक्शनला आत यायला एक दार आणि बाहेर जायलाही एकच. सीमधे मेमरी हाताने सोडायला लागते तिथे त्याला अर्थ आहे, मधूनच बाहेर पडलं की सोडायचं राहून जातं. पायथनमधे विथ आणि फायनली आहेत, फंक्शन कुठूनही सोडलं तरी साफसफाई होते. म्हणून आम्ही पीएलआर०९११ बंद केला आणि पीएलआर०९१२, बारापेक्षा जास्त शाखा, तो ठेवला. दोन्ही चालू ठेवून प्रत्येक ठिकाणी नोक्यूए कॉमेंट (या ओळीवर तक्रार नको असं लिंटरला सांगणारी) टाकत बसू नका, नोक्यूए वाढले की लोक ते वाचायचे बंद होतात.

डिक्शनरी आणि मॅच बद्दलही लोक विचारतात. एकाच व्हेरिएबलची तुलना करून प्रत्येक शाखेत नुसती किंमत परत करताय, साधी गाडी असेल तर हा दर, शिवशाही असेल तर तो, शिवनेरीला तिसरा, तर एसआयएम११६ सांगतो डिक्शनरी करा. बरोबर सांगतो. ही मुळात अट नाहीच, दरपत्रक आहे, आणि दरपत्रक दरपत्रकासारखं दिसलं पाहिजे. फक्त त्यातून किंमत काढताना गेट वापरलं तर न सापडलेल्या प्रकाराला चुपचाप नन मिळतो आणि तो पुढे कुठेतरी गुणाकारात फुटतो, चौकटी कंसाने काढली तर जागच्या जागी कीएरर येते. पैशाच्या कामात चौकटी कंस.

मॅच स्टेटमेंट पायथन ३.१० मधे, ऑक्टोबर २०२१ मधे आलं. त्याआधी इतर भाषांतलं स्विच, म्हणजे एका किमतीवरून शाखा निवडणारं स्टेटमेंट, आणायचे प्रस्ताव दोनदा नाकारले गेले होते, पेप २७५ आणि पेप ३१०३. मॅच हे स्विच नाही, आकार ओळखण्यासाठी आहे, म्हणजे आलेल्या डिक्शनरीत अमुक की आहे आणि तिच्या आत दोन घटकांची यादी आहे, तर ते दोन घटक काढून द्या, अशा कामाला अप्रतिम. नुसत्या तीन स्ट्रिंग ताडायला ते वापरून एक पातळी जास्त आत जाण्यात फायदा नाही. आणि केसच्या पुढे नुसतं व्हेरिएबलचं नाव लिहिलं तर ते तुलना करत नाही, आलेली किंमत त्या नावात भरून घेतं, म्हणजे ती शाखा सगळ्यांना लागू होते. मधे लिहिलं तर पायथन सिंटॅक्स एरर देतं, पण शेवटच्या केसमधे लिहिलं तर चुपचाप चालतं. नव्या माणसाला हे तोंडी सांगायलाच हवं.

आता रफला काय दिसत नाही ते. शिडीतला क्रम दिसत नाही. महिला ही अट ७५ च्या वर नेऊन ठेवा, ७८ वर्षांच्या आजींना मोफत ऐवजी अर्धं तिकीट लागेल आणि रफ एक शब्द बोलणार नाही, कारण शैली निर्दोष आहे. सीमा दिसत नाही, ७५ पूर्ण म्हणजे त्यात ७५ धरायचे, म्हणून मोठं किंवा समान, नुसतं मोठं लिहिलं तर ऐन पंच्याहत्तरीतल्या माणसाला एक वर्ष पैसे भरायला लागतील. शून्य आणि नन यातला फरक दिसत नाही, इफ नॉट सवलत लिहिलं की सवलत भरलीच नाही आणि सवलत शून्य आहे हे दोन्ही एकाच पारड्यात पडतात. आणि राहून गेलेला पर्याय दिसत नाही, त्यासाठी प्रकार एनममधे, म्हणजे ठरावीक पर्यायांच्या यादीत, ठेवून शेवटच्या एल्समधे असर्ट नेव्हर टाका, पायथन ३.११ पासून टायपिंगमधे आहे, मग मायपायसारखा टाइप चेकर नवा प्रकार आला की लगेच सांगतो की इथे त्याची शाखा नाही. सीमांसाठी टेस्टच लिहायला लागतात, ४, ५, १२, १३, ६४, ६५, ७४, ७५, प्रत्येक वय महिला आणि पुरुष दोन्हीसाठी. इतक्या टेस्ट एका टेबलात मावतात, पायटेस्टच्या पॅरामेट्राइजने दहा मिनिटांत होतात.

पायलिंट आधीपासून आहे त्यांनी बदलावं का? फक्त इफ-एल्ससाठी असेल तर पायलिंटमधेही यातले बरेच नियम आहेत, मर्यादासुद्धा त्याच, सहा रिटर्न आणि बारा शाखा. फरक वेगाचा आहे. रफ एडिटरमधे टाइप करता करता दाखवतं, आणि अटी लिहिताना तेव्हाच दिसणं महत्त्वाचं आहे, कारण शाखा लिहून, टेस्ट लिहून, पीआर टाकून झाल्यावर शिडी उलगडायला कुणाचा हात धजत नाही.

जुन्या मोठ्या कोडवर लावणार असाल तर आधी स्टॅटिस्टिक्स फ्लॅग लावून कुठल्या नियमाच्या किती तक्रारी आहेत ते बघा. मग एका वेळी एकच नियम घ्या, एसआयएम१०३ पासून सुरुवात करा, त्याचा वेगळा कमिट, त्यात दुसरा काहीही बदल नको. आरईटी५०५ सगळ्यात शेवटी, आणि तो आपोआप न लावता हाताने, प्रत्येक ठिकाणी अडवणारी अट आहे का निवडणारी हे बघून. ज्या फाइलना सध्या हात लावायचा नाहीये त्यांच्यासाठी पर फाइल इग्नोर्समधे नावं टाका. आणि आपोआप झालेल्या बदलांच्या कमिटचे हॅश गिटच्या ब्लेम इग्नोर फाइलमधे लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने एखादी अट कोणी आणि का लिहिली हे शोधायला जाल तर सगळीकडे लिंटर लावणाऱ्याचंच नाव दिसेल.